कागदाचं मूळ गाव

मध्यंतरी अंबाडी नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काही प्रती काढायला गेलो आणि नेमके लाइट गेले. आमच्याकडे हे नेहमीचंच. दुकानदार म्हणाला, "बसा, येतील." मोबाइलला रेंज धड नव्हती, म्हणून समोर पडलेलं ए-फोर कागदाच्या रिमचं वेष्टन वाचत बसलो. पाचशे ताव. ७५ जीएसएम. आणि खाली अगदी मुंगीच्या अक्षरांत: मूळ देश इंडोनेशिया.

ज्यांनी अंबाडी पाहिलेली नाही (म्हणजे तुमच्यातले बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी: भिवंडीहून वाड्याला जाताना लागणारं हे गाव. इथूनच वज्रेश्वरी-गणेशपुरीला फाटा फुटतो. लोक गरम पाण्याच्या कुंडांसाठी येतात, नाक्यावर वडापाव खातात आणि रस्त्याच्या नावाने बोटं मोडत पुढे जातात. भिवंडी म्हणजे पूर्वी यंत्रमाग, आता मानकोली-पूर्णा-काल्हेर पट्ट्यातली गोदामं. तुम्ही रात्री बारा वाजता मागवलेला हेडफोन बहुतेक यातल्याच एखाद्या गोदामातून निघतो.

तर मुद्दा असा. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला कागद कंपनी स्थापन झाली १९४५ मध्ये. पुण्याजवळ मुंढव्याची गिरणी त्याहून साठ वर्षं जुनी. असं असताना जावा-सुमात्राकडचा कागद समुद्र ओलांडून न्हावाशेवाला उतरतो, ट्रकने भिवंडीला येतो आणि अंबाडीच्या दुकानदाराला परवडतो, हे कसं काय? हापिसातलं काम बाजूला ठेवून दोन वीकांत यात घातले. त्याचा हा हिशोब.

आधी सोपा भाग. आयात शुल्काचं सरकारी कोष्टक म्हणजे एक अवाढव्य कॉन्फिग फाइल समजा. प्रत्येक वस्तूला एक कोड. लिहायच्या-छापायच्या साध्या कागदाचा गट ४८०२, लेप दिलेल्या चकचकीत कागदाचा ४८१०. दोन्हींवर सर्वसाधारण शुल्क १० टक्के. पण त्याखाली अपवादांची साखळी आहे, आपण लिहितो तशी इफ-एल्सची. मूळ देश आसियानमधला असेल तर शून्य. दक्षिण कोरिया असेल तर शून्य. चीन असेल तर बऱ्याच प्रकारांवर ७ टक्के. यातलं काहीच नसेल तर मग १०. व्यापारातली सवलत म्हणतात ती एवढीच. माल तोच, कोड तोच, पासपोर्ट वेगळा.

दहा टक्के म्हणजे किती? ७५ जीएसएमच्या ए-फोर रिमचं वजन भरतं २.३४ किलो (करून बघा, शाळेतलं गणित आहे). बंदरावर कागदाचा भाव उदाहरणादाखल टनाला ७० हजार रुपये धरला तर रिमला १६४ रुपये आणि त्यावर शुल्क १६ रुपये. किलोमागे ७ रुपये. आपल्याला ही रक्कम चहाएवढी वाटते. पण भिवंडीत माझ्या मामांचा छोटा छापखाना होता, त्यामुळे मला माहीत आहे की कागदाच्या धंद्यात किलोमागे रुपया-दीड रुपयावरून माणसं व्यापारी बदलतात. सात रुपयांत तर अख्खी गिरणी इकडची तिकडे होते.

आता अवघड भाग. ही गोष्ट आसियान कराराशी सुरू होत नाही. किमान दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

पेशवाईत पुण्याच्या दफ्तरात वापरला जाणारा चांगला कागद जुन्नरचा असायचा, किंवा दौलताबादचा. दौलताबादजवळच्या त्या कागद करणाऱ्यांच्या गावाचं नावच कागजीपुरा. पुण्यातही कसब्यात कागदीपुरा आहे, तिथून बाइक घेऊन तुम्ही कितीदा गेला असाल. जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, पायाने चालवायच्या ढेंकीखाली कुटायच्या, लगदा चाळणीवर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. वाळवी लागली नसेल तर हा कागद आजही दफ्तरखान्यांत टवटवीत दिसतो. आपल्या दहा वर्षांपूर्वीच्या मार्कशीटांशी तुलना करू नये.

हा धंदा यंत्राच्या स्वस्त विलायती कागदाने बसवला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण सोबत आणखी एक गोष्ट घडली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. सर चार्ल्स वुड १८५९ ते १८६६ या काळात लंडनमध्ये भारतमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत हुकूम निघाला की हिंदुस्थान सरकारने आपला सगळा कागद ब्रिटनमधूनच घ्यावा. त्या काळात कागदाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण? सरकारच. कचेऱ्या, टपाल, रेल्वे, फौज, कोर्टं. शुल्क वाढवलं नाही, कमी केलं नाही, बंदी घातली नाही. नुसतं एक गिऱ्हाईक काढून घेतलं.

आणि याची उलटी बाजू त्याहून मजेदार आहे. १८८२ मध्ये सरकारने जवळजवळ सगळी आयात शुल्कं रद्द केली. म्हणजे विलायती कागदावर शून्य! देशी गिरण्या मेल्याच असतील असं वाटतं ना? झालं भलतंच. लखनौची गिरणी १८७९ ची, कलकत्त्याजवळची टिटागढची १८८२ ची आणि पुण्याची डेक्कन पेपर मिल कंपनी १८८५ ची. मुंढव्याला मुळा-मुठेच्या काठी उभी राहिलेली हीच ती गिरणी, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे पेपर मिल' म्हणून ओळखली जाणारी. शुल्काची भिंत पूर्ण पडलेली असताना या गिरण्या उभ्या राहिल्या, कारण लॉर्ड रिपनच्या काळात सरकारने शक्य तो माल देशातच विकत घ्यायचं धोरण मांडलं. गिऱ्हाईक परत आलं.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. कागदाच्या इतिहासात शुल्कावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, पण गिरणी जगते ती दोन गोष्टींवर: कागद घेणार कोण आणि लगदा येणार कुठून.

मुंढव्याची गिरणी सुरू होऊन काही वर्षं झाली असतील, तेव्हा १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. न्यायमूर्ती रानडे आणि महादेव बल्लाळ नामजोशी ही त्यामागची माणसं. त्या वेळी रानड्यांनी जो निबंध वाचला त्याचा विषय होता डचांची वसाहत आणि तिथली लागवडीची पद्धत. म्हणजे जावा! सरकारने मनात आणलं, भांडवल आणि खात्रीचं गिऱ्हाईक दिलं, तर मागास शेतीप्रधान मुलखातून केवढं उत्पादन निघू शकतं, याचं उदाहरण म्हणून रानडे पुणेकरांना जावा दाखवत होते. डच पद्धतीत जावाच्या शेतकऱ्यांचे जे हाल झाले त्याकडे त्यांनी जरा कानाडोळा केला, असं माझं मत. पण एकोणिसाव्या शतकातला पुण्याचा न्यायाधीश औद्योगिक धोरणासाठी इंडोनेशियाकडे बोट दाखवतो, हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो.

गिऱ्हाईकाचा प्रश्न सुटला तोवर लगद्याचा उभा राहिला. आपल्या गिरण्या चिंध्यांवर आणि उत्तरेत सबाई गवतावर चालत. तिकडे युरोपात रसायनांनी लाकडाचा लगदा करायची युक्ती पक्की झाली आणि कागद धडाधड स्वस्त झाला. पहिल्या महायुद्धात जहाजं बंद पडली तेव्हा देशी गिरण्यांनी चांदी केली, युद्ध संपल्यावर परत रडकुंडीला आल्या. मग टॅरिफ बोर्डाची चौकशी आणि १९२५ चा कायदा. या कायद्याचं नाव मला फार आवडतं: बांबू कागद उद्योग संरक्षण कायदा. नुसता 'कागद' नव्हे. बोर्डाचं म्हणणं असं की गवताच्या कागदाला किती जपलं तरी तो स्पर्धेत टिकणार नाही, पण बांबूचा टिकू शकेल. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूच्या लगद्यावर काम करून ठेवलेलं होतं. म्हणून छापायच्या आणि लिहायच्या कागदावर पौंडाला एक आणा शुल्क, तेही सात वर्षांसाठी, बांबूचं जमतंय का बघायला. एक आणा म्हणजे टनाला १४० रुपये. आजच्या भाषेत डेडलाइन असलेलं पायलट प्रोजेक्ट. (आणि सगळ्या पायलटांसारखीच याचीही मुदत नंतर वाढली. असो.)

त्या कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवली होती. ज्या छपाईच्या कागदात ६५ टक्के किंवा जास्त यांत्रिक लाकूड-लगदा असेल त्याला हे संरक्षक शुल्क नाही. म्हणजे वर्तमानपत्राचा कागद मोकळा. विचार करा, स्वदेशीचा प्रचार करणारी वर्तमानपत्रं छापली जाणार परदेशी कागदावर, आणि त्या कागदाला संरक्षक शुल्क लावणं परवडणारं नव्हतं, कारण मग दोन पैशांचं वर्तमानपत्र घेणार कोण? शाळेच्या वहीला मात्र एक आणा. सवलत फुकट नसते, ती कुणाच्या तरी खिशातून निघते, हे मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. या वेळी खिसा वहीवाल्याचा होता.

बल्लारपूरला कागद कंपनी आली ती या बांबूच्या शोधाच्या वाटेनेच. १९४५ मध्ये करमचंद थापर यांनी तिथे कंपनी काढली. वर्धा नदीचं पाणी, जवळ कोळसा, आणि पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल. पुढे हीच 'बिल्ट'. कॉलेज संपताना आपण सगळ्यांनी ज्या रॉयल एक्झिक्युटिव्ह बाँडवर बायोडाटा छापला, तो यांचाच. (साध्या कागदावर छापला तर नोकरी मिळत नाही अशी तेव्हा ठाम समजूत होती.)

स्वातंत्र्यानंतर चार दशकं परदेशी कागदाची भीतीच नव्हती. परवाने आणि शुल्कं इतकी होती की आत यायचा प्रश्न नव्हता. पण या काळात गिरण्यांना दुसरी, न दिसणारी सवलत होती. सरकारी जंगलातला बांबू त्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी नाममात्र दरात मिळायचा. सुपं-टोपल्या करणारा बुरूड तोच बांबू बाजारातून कैकपट भावाने घ्यायचा. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीचा माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. गिरणीचे मजूर तोड सोपी व्हावी म्हणून बेटाभोवतीचं काटेरी जाळं साफ करत. गावकरी ते कधी काढत नसत, कारण त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब गुरांपासून वाचतात. काटे गेले, कोंब गेले, बेटं खलास. फुकटच्या भावात मिळालेल्या लगद्याची कोण काळजी घेतो?

गिरण्या नुसत्या घेत होत्या असंही नाही. १९७० च्या दशकातल्या टंचाईनंतर सरकारने त्यांना ठराविक पांढरा कागद शाळेच्या पुस्तका-वह्यांसाठी नियंत्रित दराने द्यायला लावला, १९७९ मध्ये तर कागद नियंत्रण आदेशच निघाला. मामा सांगायचे की तेव्हा मॅपलिथोच्या चार रिमसाठी ओळख काढावी लागे. म्हणजे जंगल गिरणीला देणार, गिरणी शाळेला देणार, आणि गावातला माणूस जंगलात पहारेकऱ्याला घाबरत फिरणार. साखळी अशी.

ही साखळी दोन्ही टोकांनी तुटली, आणि माझ्या मते आजच्या कागदाची खरी गोष्ट ती आहे.

पहिलं टोक जंगलाचं. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्पष्ट सांगितलं की उद्योगांना सवलतीच्या दरात वनमाल देणं थांबवा, गिरण्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने बांबूवर हक्क सांगितला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव ते हेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने मिळाले. गाव आपला बांबू लिलावाने विकू लागलं. यात चूक काय? काहीच नाही. इतकी वर्षं जी सवलत गावाच्या खिशातून जात होती ती बंद झाली, एवढंच.

दुसरं टोक बाजाराचं. १९९१ मध्ये सर्वोच्च आयात शुल्क १५० टक्के होतं, १९९५ मध्ये ५० आणि २००७ मध्ये १०. याच काळात भिगवणला एक गोष्ट घडली. फ्लेमिंगोंचे फोटो काढायला तुम्ही उजनीच्या फुगवट्यावर जाता, तेव्हा सोलापूर रस्त्याला जो मोठा कागद कारखाना लागतो, तो मुळात कुणाचा माहीत आहे? सिनार मासचा. इंडोनेशियाच्या सर्वांत मोठ्या कागद समूहाचा! १९९० च्या दशकात त्यांनी इंदापूरच्या त्या कोरड्या माळावर, जिथे ना जंगल ना बांबू, चकचकीत लेपाच्या कागदाचा आधुनिक कारखाना उभारला. हिशोब सरळ असावा: भिंत उंच आहे, भिंतीच्या आत कारखाना घाला, लगदा बाहेरून आणा. पण भिंत वर्षावर्षाला खाली येत होती. २००१ मध्ये त्यांनी तो कारखाना बिल्टला विकला आणि निघून गेले. इथल्या वर्तमानपत्रांनी ती भारतीय कंपनीची सरशी म्हणून पाहिली असेल तर त्यात नवल नाही. मला ती इंडोनेशियाची दूरदृष्टी वाटते. आत राहून कागद करायचा की बाहेरून पाठवायचा, याचं उत्तर त्यांच्यासाठी बदललं होतं.

आठ वर्षांनी, १३ ऑगस्ट २००९ रोजी, बँकॉकला आसियान आणि भारत यांच्यात वस्तूंच्या व्यापाराचा करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू होऊ लागला. केरळात रबर आणि मिरीवरून आंदोलनं झाली. पाम तेल, चहा, कॉफी, मिरी यांना खास वस्तू म्हणून शुल्ककपातीचा वेग कमी मिळाला. ४८९ वस्तू करारातून वगळल्या. छापायचा-लिहायचा कागद त्यांच्यात नव्हता. त्याचं शुल्क पायरीपायरीने उतरत १ जानेवारी २०१४ ला शून्य झालं. महाराष्ट्रात कुणी मोर्चा काढल्याचं आठवत नाही. आपण तेव्हा काय करत होतो? मी तरी ऑनसाइटच्या व्हिसाची वाट बघत होतो.

आणि इथेच ही गोष्ट आपल्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या दारात येते. भारताने वस्तूंमध्ये एवढं का दिलं? कारण बदल्यात सेवा हव्या होत्या. तिकडच्या बाजारात आपले इंजिनिअर, सल्लागार, अकाउंटंट जावेत, त्यांना परवाने सहज मिळावेत. आवळा देऊन कोहळा काढायचा बेत. आवळा म्हणजे कागद, पोलाद वगैरे. कोहळा म्हणजे आपण! सेवांचा वेगळा करार २०१४ मध्ये झाला आणि जुलै २०१५ मध्ये लागू झाला. त्यातून म्हणावं तसं काही हाती लागलं नाही, ही भारतीय बाजूची तक्रार तेव्हापासून आहे. माझ्या ओळखीतले जे सिंगापूरला गेले ते कंपनीच्या बदलीने गेले, कराराचं कलम दाखवून गेलेला एकही मला भेटलेला नाही. पण ज्या सौद्यात बल्लारपूरच्या कागदाचं संरक्षण गेलं, तो ज्यांच्या नावावर झाला ते आपण होतो, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

तिकडचा कागद स्वस्त का, याचं उत्तर पुन्हा लगद्यात आहे. सुमात्रात बाभळीच्या जातीची झाडं, म्हणजे अकेशिया, आणि निलगिरी यांच्या हजारो हेक्टरांच्या लागवडी आहेत. भर पाऊस, पाच-सात वर्षांत तोडणीला झाड, शेजारीच लगद्याचा कारखाना. त्यासाठी तिथलं मूळ वर्षावन आणि दलदलीची जंगलं किती गेली यावर जगभर वाद झाले. म्हणजे तिथेही सवलत जंगलानेच दिली. फरक एवढाच की आपण ती १९८८ मध्ये कागदोपत्री बंद केली, आणि वीस वर्षांनी करार करून त्यांच्या जंगलाची सवलत आयात केली.

गिरण्यांचं मग घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. १ जानेवारी २०१८ ला कोरियाचा कागद शून्यावर आला, १ जुलै २०१८ पासून चीनला बऱ्याच प्रकारांवर १० ऐवजी ७ टक्के. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूरच्या कॉपियर कागदावर अँटी-डंपिंग शुल्क लावलं. ते पुरेसं वाटेना, म्हणून १ ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या २०१ प्रकारांच्या आयातीची आगाऊ नोंदणी सक्तीची केली. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅकिंगच्या जाड बहुस्तरीय पुठ्ठ्यासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत टनाला ६७,२२० रुपये ही किमान आयात किंमत ठरवली. करार मोडता येत नाही, म्हणून त्याच्या भोवतीने लावलेले पॅच. प्रॉडक्शनमध्ये मूळ कोडला हात लावायची परवानगी नसली की आपण जे करतो तेच. दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप करारातून बाहेर पडला, तो निर्णयही बँकॉकलाच जाहीर झाला.

आणि बिल्ट? जानेवारी २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बल्लारपूर आणि भिगवणचे कारखाने तोवर तिच्याच गटातल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर होते. याचं सगळं खापर आसियानवर फोडायला मी तयार नाही. या कंपनीने २००७ मध्ये मलेशियात सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली होती, कर्ज काढून. का घेतली? लाकडाच्या लागवडीसाठी. म्हणजे आपल्याकडच्या जंगलाचं दार बंद झाल्यावर भारतातली मोठी कागद कंपनी आसियानमध्येच जंगल घ्यायला गेली. निदान बरोबर होतं, औषधाचा डोस झेपला नाही. दुसरीकडे, ज्या गिरण्यांनी आंध्र-तेलंगणात शेतकऱ्यांना सुबाभूळ आणि निलगिरीची रोपं देऊन लगदा पिकवून घेतला, त्या याच शून्य शुल्कात टिकल्या. विदर्भात ते त्या प्रमाणात का झालं नाही, हा प्रश्न मला शुल्कापेक्षा मोठा वाटतो. बांधावर बांबू लावला तर तोडायला वनखात्याचा परवाना, अशी स्थिती नोव्हेंबर २०१७ पर्यंत होती. त्या महिन्यात कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. आसियानचा कागद शून्यावर येऊन तेव्हा जवळपास चार वर्षं झाली होती! क्रम उलटा असता, म्हणजे आधी बांधावरचा बांबू मोकळा आणि मग बंदरावरचा कागद, तर काय झालं असतं, असं वाटत राहतं.

स्वस्त कागदाचा फायदा झालेले लोकही खरे आहेत. मामांसारखे छापखानेवाले, वह्या बांधणारे, गाइडं छापणारे, नाक्यावरचा झेरॉक्सवाला. मामांना मी एकदा विचारलं होतं की देशी कागद घ्यायला नको का. त्यांनी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावरून मान वर न करता उलट विचारलं, "तू पत्रिकेचे किलोमागे सात रुपये जास्त देशील?" मी विषय बदलला.

जाता जाता गावाच्या नावाबद्दल. अंबाडी ही भाजी तुम्ही खाल्ली असेल, पण ते मुळात धाग्याचं पीक आहे. तिच्या सालीचा वाख काढून दोरखंड वळत. इंग्रजीत तिला केनाफ म्हणतात. अमेरिकेच्या शेतीखात्याने १९५० च्या दशकापासून कागदासाठी लाकडाला पर्याय शोधताना शेकडो वनस्पतींतून जी निवडली ती हीच. थायलंडमध्ये खोन केनला १९८२ मध्ये लगद्याचा एक कारखाना सुरू झाला, तो शेतकऱ्यांकडून अंबाडी विकत घेऊन तिचा लगदा करत असे. नंतर तोही हळूहळू निलगिरीकडे वळला. आमच्या घरी अंबाडी आजही फक्त भाजीपुरती येते. तांदळाच्या कण्या घालून शिजवायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी, सोबत तांदळाची भाकरी. पावसाळ्यात वज्रेश्वरीला आलात तर सांगा.